उशाशी एक वही ठेवा

वही शंभर पानी घ्या, घट्ट पुठ्ठ्याची. स्पायरलची नको, तिची तार चादरीत अडकते. पेन सुतळीने वहीला बांधून टाका, कारण वॉर्डात पेन टिकत नाही. नातेवाइकांची किती पेनं मी स्वतः खिशात घालून घरी नेली असतील, त्याचा हिशेब नाही. मी ३१ वर्षं स्टाफ नर्स होते. पहिली अकरा कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, पुढची पुण्यात, त्यातली बरीचशी आयसीयूत. निवृत्त झाले तरी सोसायटीत कुणी ॲडमिट झालं की फोन येतो, "ताई, जरा येऊन बघता का?" मी जाते, आणि जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून एक वही घेऊन जाते.

डॉक्टर राऊंडला येतात ते चार-पाच मिनिटं. सिस्टर पाळीप्रमाणे बदलतात. रात्रपाळीला एका सिस्टरकडे वीस-वीस खाटा असतात. खाटेजवळ सलग बसलेलं माणूस एकच, ते म्हणजे तुम्ही. ताप चढला, ऑक्सिजन उतरला, तर मशीन ओरडतं. पण आजोबा कालपासून वेगळेच वागताहेत, हे कुठल्याच मॉनिटरवर दिसत नाही. हजारात एखाद्याला होणारी गुंतागुंत बहुतेक वेळा अशीच सुरू होते. कुणाला तरी काहीतरी खटकतं, पण ते कधीपासून खटकतंय हे कुणालाच सांगता येत नाही. वही त्या 'कधीपासून'साठी.

पहिलं पान पेशंट नीट असतानाचं

वजन लिहा, कारण पुष्कळ औषधं किलोवर ठरतात आणि अंदाजे सांगितलेलं वजन दहा किलोंनी सहज चुकतं. कुठल्या औषधाची ॲलर्जी, आधीचे आजार, घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. 'सगळ्या' म्हणजे वैद्यांचा काढा, भस्म, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली गोळी, झोपेची अर्धी गोळी, सगळं.

त्याखाली चार ओळी, माणूस एरवी कसा आहे त्याच्या. 'रोज पेपर वाचतात. दाढी स्वतः करतात. जिना चढतात, दुसऱ्या मजल्यावर एकदा थांबतात. ऐकू कमी येतं, डाव्या कानाला मशीन.' याला फार मोल आहे. नव्या डॉक्टरला ७८ वर्षांचा गोंधळलेला म्हातारा दिसतो, तेव्हा हा कायमचाच असा असेल असं त्याला वाटणं साहजिक आहे. परवापर्यंत हा माणूस बँकेचं पासबुक स्वतः भरून आणत होता, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

आणि दारू. "घेतात का?" विचारलं की घरचे एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, "छे हो, सणावाराला कधीतरी." दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हाच सणावारवाला पेशंट घामाने निथळत अंगावरच्या नसलेल्या मुंग्या झटकत असतो. रोज घेणाऱ्याची अचानक बंद झाली की साधारण ४८ ते ७२ तासांत हे येतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. खरं आधी कळलं तर औषध आधी सुरू होतं, थायमिनचं म्हणजे बी-१चं इंजेक्शनही मिळतं. सासूबाईंसमोर बोलायचं नसेल तर चिठ्ठीवर लिहून सिस्टरच्या हातात द्या. आम्ही हसत नाही.

रात्रीचं वेगळेपण

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेले एक आजोबा होते. दुसऱ्या दिवशी रात्री ते चादरीवरून काहीतरी वेचायला लागले. चिमटीत धरायचं, फुंकर मारायची, डाव्या मुठीत टाकायचं. मी विचारलं, "काय निवडताय?" म्हणाले, "शेंगा फोडल्यात, टरफलं राहिलीत." मग सलाईनच्या नळीलाही टरफल समजून त्यांनी ओढायला सुरुवात केली. मुलगा घाबरून त्यांचे हात धरत होता, "बाबा, असं काय करताय!" आजोबा त्याच्यावर ओरडत होते. पलीकडच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, "बाहेरचं काहीतरी लागलंय."

दुपारी नात बसून गेली होती, अकरावीतली. तिने वहीत लिहिलं होतं: '११ वाजता नळी काढली. लघवी नंतर नाही. पाणी ४ ग्लास.' रात्रीचे दोन वाजले होते, म्हणजे पंधरा तास. पोटावर हात ठेवला तर बेंबीखाली दगडासारखं टणक. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घातली आणि युरोबॅगमध्ये ११०० मिलि आली. पहाटेपर्यंत शेंगा संपल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं, नातीला मात्र बसल्या बसल्या दहा रुपये बक्षीस मिळाले.

याला डिलिरियम म्हणतात. तो मुळीच दुर्मीळ नाही, पण ओळखला फार कमी वेळा जातो, म्हणून इथे. लघवी तुंबणं, चार दिवसांचा मलावरोध, जंतुसंसर्ग, सोडियम उतरणं, झोपेच्या किंवा सर्दीच्या गोळ्या, न दाबलेलं दुखणं, यातलं काहीही त्यामागे असू शकतं. वेड लागणं यापेक्षा वेगळं. डिलिरियम तासांत, दिवसांत येतो आणि चढउतार करतो. सकाळी राऊंडला पेशंट अगदी शहाणा, "काय डॉक्टर, कधी सोडताय?" आणि रात्री टरफलं. म्हणून वेळ लिहायची.

पाहायचं कसं? वार उलटे म्हणायला लावा. रविवार, शनिवार, शुक्रवार. एखादा वार चुकला तर काही नाही, शाळेतही चुकत होते. पण 'शुक्रवार'नंतर माणूस छताकडे बघत राहिला, आपण काय म्हणत होतो तेच विसरला, तर ते लिहा. काल सात जमले, आज तीन.

आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. सुटतो तो दुसरा प्रकार. "आज अगदी शांत आहेत, दिवसभर झोपून आहेत," असं समाधानाने सांगितलं जातं, तेव्हा मला धडकी भरते. हाक मारल्यावर डोळे उघडून परत मिटणारा, घास तोंडात धरून बसणारा म्हातारा शांत नसतो, आजारी असतो.

तुमच्या हातात पुष्कळ आहे. चष्मा, कवळी, कानाचं मशीन घरी 'सांभाळून' ठेवू नका, घेऊन या. दिवसा पडदा उघडा, रात्री डोक्यावरचा दिवा आणि स्वतःचा मोबाइल बंद. ओळखीचं एकच माणूस जवळ, बारा जणांची रांग नको. वाद घालू नका. "टरफलं नाहीत" म्हणण्यापेक्षा "बाबा, मी सुधीर, आपण दवाखान्यात आहोत, पायाचं ऑपरेशन झालंय, रात्रीचे दोन वाजलेत" एवढं हळू आवाजात सांगत राहा. आणि हात बांधायला सुचवू नका. बांधलेला माणूस जास्तच झगडतो.

एका दमात किती

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गिया-बारे, म्हणजे सगळे ज्याला जीबीएस म्हणू लागले त्या आजाराचे पेशंट एकापाठोपाठ एक निघाले. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. पुढे आकडा दोनशेच्या वर गेला. माझ्या उभ्या नोकरीत वर्षाला मोजके दिसायचे. पोट बिघडतं, बरं होतं, आणि एक ते तीन आठवड्यांनी पायांतून जोर जातो. पुण्यातल्या काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. जंतूशी लढायला उठलेली शरीराची फौज चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडते, असं हे प्रकरण.

माझ्या भाचीच्या शेजारची ३४ वर्षांची बाई ॲडमिट झाली तेव्हा म्हणत होती, "पायात मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटते." दुसऱ्या दिवशी खुर्चीतून उठता येईना. तिच्या नवऱ्याला मी एकच काम दिलं: दर दोन तासांनी तिला खोल श्वास घ्यायला लावायचा आणि त्या एका दमात मोठ्याने आकडे मोजायला लावायचे, एका लयीत, घाई नाही. धडधाकट माणूस चाळीस-पन्नासपर्यंत जातो. त्याच्या वहीतलं पान असं होतं:

सकाळी ८ – ३१
१० – २९
१२ – २७
२ – २१
४ – १८, आवाज नाकातून
६ – १४

या सगळ्या वेळात बोटाला लावलेलं मशीन ९८ दाखवत होतं. लोक इथेच फसतात. श्वासाचे स्नायू थकत असतात तरी ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ चांगला राहतो आणि घसरतो तो अगदी शेवटी. वीसच्या खाली आल्यावर वाट बघत थांबायचं नव्हतं. चार वाजताच त्याने सिस्टरला पान दाखवलं, सहाला बायको आयसीयूत होती, आणि रात्री श्वासाची नळी घातली ती धावपळ न होता, शांतपणे.

'आवाज नाकातून' हे त्याने आपणहून लिहिलं, मी सांगितलं नव्हतं. आवाज नाकातून येऊ लागला, पाणी पिताना ठसका लागला, थुंकी गिळता येईना, तर चमच्याने सूप भरवणं तिथेच थांबवा. ते फुप्फुसात जातं.

उपचार म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं. इम्युनोग्लोब्युलिनचा नेहमीचा डोस किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. साठ किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम. वजन नीट लिहा म्हटलं ते यासाठीही. प्रत्येक बाटलीचा बॅच नंबर वहीत उतरवून घ्या. स्टेरॉइडचा यात उपयोग होत नाही, "माझ्या मावसभावाला स्टेरॉइडने बरं वाटलं" म्हणणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवा. बीपी आणि नाडीचे हेलकावे हा याचा आणखी एक छुपा त्रास आहे. कूस वळवताना नाडी एकदम पडू शकते. म्हणून नातेवाइकांनी स्वतःहून उचल-ठेव करू नये. चेहरा लुळा पडला तर पापण्या पूर्ण मिटत नाहीत आणि बुबुळ कोरडं पडतं. झोपेत डोळा अर्धा उघडा दिसला तर सांगा, थेंब आणि पट्टी लागते.

जो हलत नाही, तो ऐकतो

हे मी कोकणात शिकले. साल १९९६, पावसाळा. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, पहाटे पोटात कळा म्हणून आणलेला. जमिनीवर वाकळ टाकून झोपला होता. अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही. आई सारखी म्हणत होती, "डोळं जड झाल्यात त्याचं." पापण्या खाली येत होत्या. मण्यारीचा दंश असाच असतो. झोपेत चावते, दुखत नाही, खूण सापडत नाही, आणि सकाळी पोटदुखी, मग पापण्या, मग जीभ, मग श्वास. प्रतिविष दिलं, पण श्वास थांबला. मोठ्या गावाला नेईपर्यंत मी आणि वॉर्डबॉय मामा आळीपाळीने अँब्यू बॅग, म्हणजे हाताने श्वास देणारा फुगा, दाबत होतो. बुबुळांत प्रकाश टाकला तरी हालचाल नाही. गाडीत दोन चुलते होते, एकाने दुसऱ्याला विचारलं, "लाकडं कोनाकडून आनायची?"

मुलगा आठव्या दिवशी चालत घरी गेला. जाण्याआधी त्याने चुलत्याला लाकडांबद्दल विचारलं. शब्दन् शब्द ऐकला होता त्याने.

तेव्हा जीबीएस असो, मण्यार असो, व्हेंटिलेटरवर निपचित पडलेल्या माणसाच्या खाटेजवळ जपून बोला. स्वतःचं नाव सांगा, वार सांगा, मांजराला पिल्लं झाली ते सांगा. पायाचा अंगठा, भुवई, बोट यांपैकी काही किंचित हलतं का ते रोज बघा. हललं तर 'हो'साठी एकदा, 'नाही'साठी दोनदा ठरवून घ्या आणि ती खूण वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे नव्या पाळीच्या सिस्टरलाही कळेल.

'उष्णता' म्हणून सोडून देऊ नका

नवं औषध सुरू झालं की त्याची तारीख लिहा, आणि स्ट्रिपचा फोटो काढा. गोळ्या नाव नसलेल्या बाजूने कापून घ्या.

फिट्स येणाऱ्या एका मुलाला नवी गोळी सुरू झाली होती. बाराव्या दिवशी ताप, डोळे लाल, तोंड आलं. मावशीने उष्णता म्हणून गुलकंद आणि धन्याचं पाणी सुरू केलं, आणि अंगावर लाल चट्टे आल्यावर गोवर म्हणून कडुनिंबाचा पाला उशाला ठेवला. त्वचेला नुसता हात लागला तरी तो ओरडत होता. ही दुखरी कातडी गोवरात नसते. याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. १९२२मध्ये त्या दोन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. फिट्सच्या काही गोळ्या (कार्बामाझेपिन, फेनिटोइन, लॅमोट्रिजिन), सल्फाची औषधं, युरिक ॲसिडसाठीची ॲलोप्युरिनॉल, अशांनी तो एखाद्यालाच होतो. सहसा सुरू केल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत. कातडी भाजल्यासारखी सुटते. सगळ्यात मोठा उपचार म्हणजे ती गोळी ताबडतोब बंद होणं, आणि कुठली बंद करायची हे तारीख लिहिलेली असेल तरच चटकन कळतं. ताप, लाल डोळे आणि तोंडात फोड हे त्रिकूट नव्या गोळीनंतर एकत्र दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. मात्र फिट्सची गोळी आपल्या मनाने बंद करून घरी बसणं हेही तितकंच वाईट. त्याच रात्री डॉक्टरला गाठा.

अंग पुसताना कपडा फक्त चेहऱ्या-हातांवर फिरवू नका. काख, जांघ, स्तनांखाली, कानामागे बघा. उलगडा न झालेल्या तापात तिथे एखादी काळी, न दुखणारी खपली सापडते, विडीचा चटका बसल्यासारखी. तो चिगर नावाच्या बारीक किड्याचा चावा असतो आणि ताप स्क्रब टायफसचा. २०१८मध्ये नागपूरकडे त्याची मोठी साथ आली होती. खपली दाखवली की पुष्कळदा निदानाची दिशाच बदलते, औषधही साधं, डॉक्सिसायक्लिन.

थर्मासबद्दल, आणि आणखी दोन

दहा-बारा दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या माणसाला अचानक भरपूर खायला घालणं धोक्याचं असतं. आपल्याकडे हे कुणाला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं: पोटभर जेवण मिळालं आणि त्यानंतर काही जण दगावले. साखर शरीरात शिरली की इन्शुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं, आणि हृदयाची लय बिघडते. म्हणून शिरा, खीर, ग्लुकोजचं पाणी असलेला थर्मास विचारल्याशिवाय उघडू नका. 'शेवटचं नीट जेवण कधी' हे वहीत असू द्या. खाणं सुरू झाल्यावर दोन-चार दिवसांत पाय सुजले, धाप लागली, तर "फॉस्फरस तपासलाय का?" हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

सोडियम फार उतरलेलं असेल तर ते हळूच चढवतात, दिवसाला साधारण ८ ते १० अंकांच्या आत. "अजून वाढत का नाही?" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. घाईने चढलं तर काही दिवसांनी, पेशंट सुधारलाय असं वाटत असतानाच, बोलणं बोबडं होतं, गिळता येत नाही. तसं दिसलं तर लगेच सांगा.

आणि रक्त पातळ ठेवायला पोटात हेपॅरिनची सुई चालू असेल तर ती कुठल्या तारखेला सुरू झाली ते लिहा. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान प्लेटलेट निम्म्यावर आल्या तर घरचे डेंग्यू समजून पपईच्या पानांचा रस शोधायला धावतात. कारण हेपॅरिन असू शकतं, आणि गंमत म्हणजे प्लेटलेट कमी असूनही यात रक्त वाहत नाही, उलट गोठतं. एकच पाय सुजला, दुखला, तर प्लेटलेटच्या आकड्याबरोबर तेही सांगा.

सांगायचं कसं

"सिस्टर, त्यांना बरं वाटत नाहीये." हे वाक्य मी दिवसातून शंभर वेळा ऐकलं आणि मनातल्या मनात म्हटलं, बरं असतं तर इथे कशाला असते. त्याऐवजी तीन गोष्टी: आधी काय होतं, आता काय आहे, कधीपासून. "सकाळी स्वतःच्या हाताने चहा घेतला. चारपासून कप धरता येत नाही. उजवा-डावा दोन्ही हात." असं कुणी सांगितलं की मी हातातलं काम टाकून गेलेच आहे.

मोबाइलवर शोधलेलं आजाराचं नाव आधी सांगू नका. नाव ऐकलं की डॉक्टर त्या नावाशी भांडत बसतात, पेशंट बाजूला राहतो. तुम्ही पाहिलेलं सांगा. आधी ड्यूटीवरची सिस्टर, मग आरएमओ (निवासी डॉक्टर), मग मोठे डॉक्टर. कुणाला किती वाजता सांगितलं तेही लिहून ठेवा, पण ते त्यांच्या तोंडावर नाचवायला नव्हे. ज्या नातेवाइकाने वही पुराव्यासारखी उगारली, त्याच्या खाटेकडे सगळे कायद्याने वागायला लागले, आणि कायद्याने वागणारी सिस्टर गप्पा मारत नाही. गप्पांमध्येच आम्हाला खूप कळतं.

ओठ निळे, हाकेला ओ नाही, एक वाक्य एका दमात पुरं होत नाही, अचानक तोंड वाकडं. अशा वेळी काही लिहू नका. वही खाली टाका आणि ओरडा.

डिस्चार्जनंतर

वही रद्दीत घालू नका. घोणस चावून, डायलिसिस होऊन बरे झालेले एक शेतकरी काही महिन्यांनी आमच्याकडे परत आले होते. थकवा, थंडी सोसत नाही, दाढी वाढेनाशी झालेली, साखर सारखी उतरते. सगळे म्हणत होते, आजारातून उठलाय, अशक्तपणा असेल. बायकोने पिशवीतून जुनी वही काढली. त्यात दंशाची तारीख होती आणि 'रक्त गोठत नाही, काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून पाहिलं' असं तिच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं. घोणशीच्या विषाने क्वचित मेंदूतली पिच्युटरी ग्रंथी निकामी होते. डॉक्टरांनी वही वाचली आणि हार्मोन्सची तपासणी लिहिली. पाठीमागच्या पानांवर त्याच पेनने दुधाचा हिशेब होता, सकाळी दीड, संध्याकाळी एक. ती पानं सोडून बाकीच्यांची झेरॉक्स काढून आम्ही केसपेपरला लावली, आणि वही तिला परत दिली, कारण महिना संपायचा होता.